खंडाळ्याचा गळ आणि समुद्राची सुट्टी

दोस्तांनो, खंडाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लोणावळ्याच्या शेजारचा, धुक्यातला, चिक्कीचा आणि आगगाडीच्या बोगद्यांचा खंडाळा? छे छे, तो नव्हे! आपण निघालोय साताऱ्याच्या खंडाळ्याला. पुण्याहून बंगळूरच्या रस्त्याला लागायचं, शिरवळजवळ नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो, आणि आणखी थोडं पुढे गेलं की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी हा आपला खंडाळा. एसटीतली माणसं इथे जागी होतात ती घाट आला म्हणून. गावाकडे कुणी बघतसुद्धा नाही. खरं तर सावित्रीबाई फुले जिथे जन्मल्या ते नायगाव याच तालुक्यात आहे. पण आज आपल्याला तिकडेही जायचं नाही. आज मासे पकडायला जायचंय.

हसू नका. खंडाळ्यात कसले आलेत मासे, असंच मलाही माझ्या भाच्याला म्हणावंसं वाटलं होतं. त्याला वाढदिवसाला चकचकीत फिशिंग रॉड मिळाला होता, रीळ लावलेला. सातवीची परीक्षा संपल्यापासून तो ती काठी हवेत फिरवून आजीची वाळत घातलेली लुगडी धरत होता. ही गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. "मामा, मला समुद्रात मासे पकडायचेत," त्याने जाहीर केलं.

आता एक काम करा. महाराष्ट्राचा नकाशा घ्या, आणि कंपासपेटीतली पट्टी. पट्टी खंडाळ्यावर आडवी ठेवा आणि सरळ पश्चिमेकडे रेघ ओढा. रेघ सह्याद्री ओलांडून कुठे पोचते? थेट श्रीवर्धनला! दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. अंतर साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे पक्ष्याला समुद्र तसा जवळच. पण खंडाळ्याजवळून वाहणाऱ्या नीरेच्या पाण्याला हे कुणी सांगितलेलं नाही. नीरा जाते पूर्वेला, नरसिंगपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पार आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला. शंभर किलोमीटरवरचा समुद्र सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला! पट्टी खिशात ठेवा, पुढे लागणार आहे.

"समुद्र नंतर. आधी नीरेत बसून दाखव," असं सांगून मी त्याला वीर धरणाच्या फुगवट्यावर नेलं. वीरचं धरण १९६५ च्या सुमाराचं. एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्या काठाला आपला खंडाळा तालुका. मे अखेर असल्यामुळे पाणी खूप मागे गेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून चालत आम्ही काठाशी पोचलो. तिथे एक भोईकाका जाळ्यातले मासे सोडवत बसले होते. भाच्याने रॉड काढला तसे ते म्हणाले, "कुणाला विचारलंस का रं पोरा?"

भाचा गोंधळला. पाणी तर सगळ्यांचं! काकांनी समजावलं. धरणाचं पाणी सगळ्यांचं खरं, पण त्यात माशांचं बीज सोडायला पैसे लागतात. राज्यातल्या जलाशयांमध्ये मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत आणून ते पाण्यात सोडतात, वाढवतात. त्यामुळे हौसेने गळ टाकायचा असला तरी आधी विचारायचं. आम्ही विचारलं. काका हसले आणि "टाक," म्हणाले. विचारलं की बहुतेक माणसं हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. न विचारता टाकला की मात्र भांडण.

दीड तास गेला. गळाला काहीही लागलं नाही. कणकेच्या गोळ्या मात्र कुणीतरी खाली बसून व्यवस्थित जेवत होतं. इतक्यात काकांनी जाळ्यातून एक काळपट मासा काढला आणि भाच्याला जवळ बोलावलं. माशाचं तोंड उघडून दाखवलं. आत पिवळी पिवळी, मोहरीपेक्षा थोडी मोठी अंडी भरलेली! ही चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिलं निघाली तरी काही दिवस तोंडातच ठेवते, आणि वर्षातून पुन्हा पुन्हा वीण घालते. म्हणून आता जिथे बघाल तिथे चिलापी. आपल्या नद्यांतल्या पुष्कळ जुन्या माशांचं तसं नाही. त्यांना अंडी घालायला पाऊस लागतो, गढूळ वाहतं पाणी लागतं. वर्षात एकच मोसम, तो चुकला की पुढच्या वर्षी बघू.

घरी आल्यावर हे आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा एकदम खुलले. "अरे, मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या ओढ्याला मासे चढायचे. चढणीचे मासे! खाली नदीतून निघायचे आणि प्रवाहाच्या उलट, दगडांवरून उड्या मारत वर यायचे. आम्ही पोरं कंदील आणि बुट्ट्या घेऊन पळायचो. हातानं धरायचे. धोतरात धरायचे. एकेका रात्री पाटी पाटी भरायची. आणि प्रत्येकाच्या पोटात ही गाबोळी!"

"मग आता?" भाच्याने विचारलं.

"आता कुठले. चार-दोन येतात."

"का?"

अण्णा थांबले. सुपारी कातरू लागले. जरा वेळाने म्हणाले, "धरण झालं, ओढ्याचं पाणी उपसलं, पिकावरची औषधं वाहून आली." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "आणि पाटी पाटी आम्ही नेली ना."

मासे का चढतात ते तुमच्या लक्षात आलंच असेल. अंडी घालण्यासाठी. वरच्या उथळ, ताज्या पाण्यात मोठे शत्रू कमी, पिलांना खाऊ भरपूर. एकेका मादीच्या पोटात हजारो अंडी. म्हणजे अण्णांच्या बुट्टीतला एक मासा हा एक मासा नव्हताच. सुरुंग उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला तर आपल्याकडे १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. पण पावसात बुट्टी घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या पोरांना अडवायला तेव्हा कोण येणार होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कोकणात उतरायला निघालो. भोरवरून वरंधा घाटाने जवळ पडतं, पण अलीकडे दरडी आणि रस्त्याची कामं यांमुळे त्या घाटाचा भरवसा नसतो. म्हणून खंबाटकी चढलो, वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. महाबळेश्वरच्या थंड हवेत भाचा झोपला आणि पोलादपूरच्या उकाड्यात घामाघूम होऊन जागा झाला. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी आता आमच्या सोबतीला होती. ही मात्र शहाणी. ती पश्चिमेला जाते आणि हरिहरेश्वर-बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते.

महाडहून वाट वाकडी करून आम्ही वाळणकोंडला गेलो. काळ नदीतला हा खोल डोह. बाकी नदीत मे महिन्यात दगडगोटेच दिसत होते, पण कोंडात पाणी होतं. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. वरून चुरमुरे टाकले आणि पाणी एकदम उकळल्यासारखं झालं! हातभर लांबीचे, मोठाल्या खवल्यांचे मासे वर आले, तोंडं उघडून चुरमुरे गिळून पुन्हा खाली गेले. हा म्हसीर. नदीतला पैलवान म्हणा ना! जगभरचे गळवाले याच्या मागे वेडे असतात, कारण गळाला लागला की तो घाम काढतो.

भाच्याचा हात आपोआप रॉडच्या पिशवीकडे गेला. शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्या मोठ्याने काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळा, देवीचे आहेत हो ते." पिशवीची चेन पुन्हा बंद झाली. इथे पोलीस नाही, दंड नाही. गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवलंय की या डोहातला मासा धरायचा नाही. आणि नदी आटते तेव्हा आसरा घ्यायला मासे येतात ते अशाच डोहांत. म्हणजे जुन्या माणसांनी राखायला जागा नेमकी निवडली.

या म्हसीराचं आपल्या भागाशी जुनं नातं आहे. दख्खनच्या म्हसीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आणि गंमत ऐका. धरणांमुळे हा मासा कमी होऊ लागला तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याची अंडी उबवून पिलं वाढवण्याचं केंद्र काढलं, ते कुठे? लोणावळ्याला! म्हणजे आपण सुरुवातीला ज्याला नको म्हटलं, त्या दुसऱ्या खंडाळ्याच्या शेजारी. तिथली लाखो पिलं देशभर गेली. पण ती कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडवाला म्हसीर मागे पडत गेला. त्याला तर शास्त्रीय नावही नीट २०१८ मध्ये जोडलं गेलं, आणि तेव्हा तो नाहीसा व्हायच्या बेतात होता. चांगलं करायला जावं तर तेही असं अवघड!

महाडला मुक्काम केला. संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. पाण्याला हात लावायचा हक्क सगळ्या माणसांना मिळावा म्हणून १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे सत्याग्रह केला, ते हे तळं. भाचा काठावर बराच वेळ गप्प उभा होता. माशांबद्दल तिथे त्याने एकदाही विचारलं नाही.

आणि मग श्रीवर्धन. जीवना बंदर. तारीख होती २९ मे.

आम्हाला वाटलं होतं, बंदरात नुसती धावपळ असेल. धावपळ होती, पण उलटी! होड्या समुद्रात जात नव्हत्या, वर येत होत्या. काही किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या आणि माणसं त्यांच्यावर झावळ्या शाकारत होती. जाळी घड्या घालून घरी निघाली होती. भाचा रडकुंडीला आला. "मामा, सगळे बंद का करतायत?"

एका कोळीकाकांनी उत्तर दिलं. "एक तारखेपासून दर्याला सुट्टी."

तुमची शाळा जूनमध्ये उघडते आणि समुद्राची सुट्टी जूनमध्ये लागते! महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात. त्या वर्षी ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती. तारखा दर वर्षी सरकार जाहीर करतं. त्यामागे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा हुकूम चालतो, आणि त्यापलीकडे केंद्र सरकार बंदी घालतं. ही बंदी यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना असते. वल्ह्याशिडाच्या, बिनयंत्राच्या होड्यांना ती लागू नाही. पूर्व किनाऱ्यावर, जिथे आपलं नीरेचं पाणी जातं तिकडे, ही सुट्टी वेगळी असते, १५ एप्रिल ते १४ जून.

सुट्टी कशासाठी? एक तर या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, होडी गेली तर परत येईलच असं नाही. आणि दुसरं, पुष्कळ माशांचे हे अंडी घालण्याचे दिवस. म्हणजे अण्णांच्या ओढ्यातली तीच गोष्ट, फक्त ओढा एवढा मोठा!

"पण दोन महिने तुम्ही खाता काय?" भाच्याने सरळ विचारलं. मला जरा कानकोंडं झालं, पण काका रागावले नाहीत. "सुकवलेलं खातो. सुकट, बोंबील. जाळी विणतो. उधारी करतो." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी पावसाळ्यात होड्या वर घेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि मगच होडी लोटायची, अशी रीत. पूर्वी सरकारची बंदीसुद्धा नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. त्या वर्षी ती ३१ जुलैला संपणार होती. २०२४ ची नारळी पौर्णिमा होती १९ ऑगस्टला. मधले एकोणीस दिवस काय करायचं? काही जण पौर्णिमेपर्यंत थांबतात, काही एक ऑगस्टलाच निघतात. "शेजारची होडी भरून आली की घरात बसवत नाही," काका म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

आता काढा ती खिशातली पट्टी. बंदराजवळ मावश्या शेवटचा माल घेऊन बसल्या होत्या. भाच्याने कंपासपेटी गाडीत आणलीच होती, भूमितीचा गृहपाठ राहिला होता ना! नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने एक नवा नियम केला. ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अभ्यास करून या लांब्या सुचवल्या. रुपेरी पापलेट किमान १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. तर्क साधा आहे. माशाला आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घालू द्या, मग धरा. त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला होता. मान मिळाला आणि दोनच महिन्यांत पट्टीही लागली!

तुमची पट्टी १५ सेंटिमीटरची. म्हणजे पापलेट पट्टीपेक्षा दीड सेंटिमीटर आखूड, तिथवर चालेल. बोंबलाला मात्र पट्टी पुरत नाही. भाच्याने एका मावशीच्या टोपलीतल्या पापलेटाला पट्टी लावली. पट्टीहून लांब. "पास!" तो ओरडला. दुसऱ्याला लावली. बारा. मावशीने पटकन टोपलीवर गोणपाट ओढलं आणि म्हणाली, "जा रे, मोठा सायब आलाय!" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. ती पण हसली, पण गोणपाट काढलं नाही.

संध्याकाळी ओहोटीला काकांनी भाच्याला धक्क्यावर बसवलं. घाटावर आपण गळ म्हणतो, कोकणात गरी. खडकावर जाऊ दिलं नाही. "बंदी होड्यांना आहे, गरीवाल्याला कोणी अडवत नाही, पण लाट काय विचारून येत नाही," असं म्हणून त्यांनी स्वतः कोळंबीचा तुकडा लावून दिला. पावसाळ्यात निसरड्या खडकांवरून माणसं ओढली जातात, ते त्यांनी पाहिलेलं होतं. दहा मिनिटांत काठी वाकली. तंगूस ताणला. भाचा किंचाळला. वर आली एक चंदेरी ढोमी, तडफडणारी. दोन महिने लुगडी धरल्यानंतरचा पहिला मासा!

त्याने ओल्या हाताने ती धक्क्यावर ठेवली आणि पट्टी काढली. अकरा आणि दोन रेघा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं, तर ते विडी शिलगावत होते. सांगायला कुणीच तयार नाही! ढोमीचे कल्ले उघडझाप करत होते. शेवटी त्याने गरी सोडवली, ती अवघडच निघाली, आणि वाकून ढोमी पाण्यात सोडली. ती आधी आडवी तरंगली. मग एकदम दिसेनाशी झाली. जगली की नाही, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर तो फारसं बोलला नाही. फोटो काढायचा राहिला, एवढीच तक्रार.

त्यानंतर जूनमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. मागे पावसाचा एवढा आवाज की नीट ऐकू येईना.

"मामा, ओढ्याला पाणी आलंय. मासे चढतायत! मी आणि आजोबा बघायला आलोय."

"किती आहेत?"

"मी सात मोजले. पण माणसं नऊ आहेत. पिशव्या घेऊन."

"मग आजोबा काय करतायत?"

"आजोबा त्यांना लहानपणच्या गोष्टी सांगतायत. सगळे ऐकत उभे आहेत. थांब मामा, आठवा चढला!"